मागच्या अंगणातली तंबाखू

सेसिर लाझारच्या दुकानासमोर एक बाक होता. जुन्या होडीच्या फळ्या कापून तो मीच केला होता, म्हणून त्यावर बसण्याचा पहिला मान माझा. पुलांच्या लोखंडकामात गुडघा गेला, काम सुटलं, आणि दिवसभर करायचं काय हा प्रश्न त्या बाकाने सोडवला. तिथे बसलं की महामार्ग सोडून आमच्या मुलखात वळणारी प्रत्येक गाडी दिसायची. सिगारेट सुटली असं बायकोला सांगून कोण येतो, रविवारी चर्चमधून सरळ इकडे कोण येतो, शेजाऱ्याचं नाव सांगून स्वतःसाठीच कोण नेतो, सगळं मला पाठ. सेसिर काउंटरमागून ओरडायची, "अतोन्वा, गिऱ्हाइकाकडे असा डोळे वटारून बघू नकोस. दुकानात आलोय की चौकीवर, तेच कळत नाही त्यांना."

आता तो बाक तिथे नाही. बाकाचं काही नाही हो, फळ्याच त्या. पण तो तिथून का हलला ते सांगायचं तर सेसिरबद्दल सांगायला हवं, आणि सांगताना माझा आवाज चढला तर चढला. मी म्हातारा झालोय, शांत झालेलो नाही.

सेसिर कासव कुळातली. आम्हा मोहॉकांमध्ये, म्हणजे या नदीकाठच्या मूळ रहिवाशांमध्ये, कूळ आईकडून येतं, आणि कासवांचं डोकं कसं असतं ते आम्हा अस्वल कुळातल्यांना विचारा. बुटकी, रुंद हाडाची, केस घट्ट बांधलेले, आणि बोलणं असं की समोरचा हसून मोकळा झाला की मग त्याला कळावं, आपल्याला टोला बसलाय. नवरा लोखंडकामासाठी न्यूयॉर्कला गेला तो तिकडच्याच एका बाईकडे रमला. कोणी हळहळायला आलं तर ही म्हणायची, "बरं झालं. फार घोरायचा."

तिची आई गोड वासाच्या गवताच्या टोपल्या विणायची आणि नदीपलीकडच्या गावात दारोदार विकायची. गोऱ्या बायका टोपली नाकाशी धरायच्या, वा वा करायच्या आणि निम्म्या किमतीला मागायच्या. पायरीवर उभं राहून आईचं ते हसू बघताना लहानग्या सेसिरने मनाशी ठरवलं होतं की आपण कोणाच्या दारात जायचं नाही. ज्याला हवं तो आपल्या दारात येईल. मोठी झाल्यावर तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत एक फळी ठोकली आणि तिच्यावर सिगारेटची पाकिटं मांडली. आणि खरंच, तीच माणसं, त्याच बायकांचे मुलगे आणि जावई, गाड्या घेऊन तिच्या खिडकीत येऊन उभे राहिले. फळीचं टपरीवजा दुकान झालं, टपरीचं पक्कं दुकान झालं.

येणारच. आमच्या मुलखात कर नाही. पलीकडे एका पाकिटाला जेवढे पैसे पडतात त्यातले निम्म्याहून जास्त सरकारच्या खिशात जातात. आमच्यातल्या माणसाने घेतलं तर त्याला कर माफ, हे सरकारलाही मान्य. पण गोऱ्या गिऱ्हाइकाला विकलं की सरकार म्हणणार, त्याचा कर तुम्ही वसूल करा आणि आमच्याकडे आणून भरा. सेसिर म्हणायची, "मी काय त्यांची वसुली कारकून? नदीच्या या काठाला तंबाखूचा व्यवहार त्यांचं सरकार जन्मायच्या आधीपासून चाललाय. आणि तेव्हा त्यांचेच पूर्वज हात पुढे करून उभे होते."

कोणी म्हणेल, कर चुकवायचा म्हणून बोलतात. तसं नव्हतं. आमच्या सगळ्या दुकानदारांचा एक वाटा दर महिन्याला मुलखाच्या निधीत पडायचा. आमची रुग्णवाहिका त्यातून आली. आमची भाषा शिकवणारी शाळा त्यातून चालली. कर आम्हीही देत होतो, पण आमच्या घरात.

एकदा प्रांताचे पोलीस धाड टाकायला आले. मी बाकावरच होतो. गाड्यांमधून धडाधड उतरले आणि आत घुसले. सेसिर सिगारेटच्या खोक्यांवर मांडी ठोकून बसली होती. मांडीवर परात आणि परातीत सोलायच्या घेवड्याच्या शेंगा.

त्यांचा साहेब म्हणाला, "बाई, उठा तिथून."

"गुडघे दुखतात."

"तुमचं कार्ड दाखवा."

"कसलं कार्ड?"

"तुम्ही इथल्याच आहात याला पुरावा काय?"

सेसिरने त्याला नीट न्याहाळलं. "तू कुठून आलास, बाळ?"

"शहरातून."

"मग मी इथलीच. नाहीतर मला हे विचारायला एवढं लांब तुला यावं लागलं असतं का?"

दारात जमलेले सगळे हसले. साहेबही ओठ चावत होता. खोकी त्यांनी नेलीच, पण तिला उचलून बाजूला ठेवावं लागलं तेव्हा नेली, आणि परात तिने सोडली नाही.

या कार्डाचं जरा सांगतो. अमुक माणूस मूळ रहिवासी आहे, असं सरकार एका कार्डावर लिहून देतं. फोटो, नंबर आणि शिक्का. बहुतेकांकडे ते असतं. माझ्याकडेही आहे, लपवत नाही. सेसिरने ते कधी काढलं नाही. "आईने जन्म दिला तेव्हाच कूळ मिळालं. आता यांच्याकडून काय घ्यायचं? फोटो?" अशी तिची तऱ्हा. लांबघरात, म्हणजे आमच्या सभेच्या आणि सणाच्या जागी, अशी जुन्या वळणाची आणखी काही माणसं होती. पण हळूहळू एकेक जण वाकला. ही तेवढी वाकली नाही.

कार्ड नाही म्हणून दुकान तिच्या नावावर होईना. वीज, परवाना, माल पुरवणाऱ्याचं खातं, सगळ्याला कार्ड लागायचं. मग ते सगळं कवेनियोच्या नावावर केलं. यात लपवाछपवी काही नव्हती, गावाला ठाऊक होतं. कवेनियो तिचीच तर होती.

सेसिरची धाकटी बहीण वारियानेन. एका हिवाळ्यात तिची गाडी बर्फावरून घसरली आणि ती गेली. मागे राहिली ही कवेनियो, टेबलाला जेमतेम हात पोचेल एवढी. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. आमच्याकडे तर आईच्या बहिणीला आईच म्हणतात, त्यामुळे पोरीला हाकसुद्धा बदलावी लागली नाही. काउंटरखाली खोक्यांची घरं करून ती खेळली. दुकानाच्या वाट्यातून चालणाऱ्या शाळेत आमची भाषा शिकली. लांबघरात उभी राहून सभेच्या सुरुवातीचे आभाराचे शब्द म्हणायची तेव्हा म्हातारे डोळे पुसायचे. सेसिरनेच ठेवलेल्या कवेनियो या नावाचा अर्थच गोड शब्द असा आहे. शहरात जाऊन व्यापाराचं शिकून परतली तेव्हा सेसिरने गावजेवण घातलं. मक्याचं सूप, घेवडा घातलेली मक्याची भाकरी, मांसाचा रस्सा. मला म्हणाली, "बघ अतोन्वा, आता हिशेब माझी लेक बघेल. मी नुसती गिऱ्हाइकांशी भांडेन."

दुकानाच्या मागे अंगण होतं. तिथे सेसिर तंबाखू लावायची. आमची जुनी तंबाखू, लहान पानांची, पिवळ्या फुलांची. ती कधी विकायची नाही. ती आगीत घालून प्रार्थना करायची, किंवा कोणाकडे मोठं काही मागायचं असेल तर हातात द्यायची. कापडाच्या तुकड्यात चिमूटभर बांधायची, पुरचुंडी समोर धरायची आणि आपली गोष्ट सांगायची. समोरच्याने ती घेतली की गोष्ट त्याने अंगावर घेतली. मग कागद नाही, साक्षीदार नाही. घेतलेली तंबाखू पाळणं जमेना तर ती परत आणून द्यायची. त्यात लाज नसते. लाज असते ती घेऊन गप्प बसण्यात.

सेसिर म्हणायची, "पुढच्या दाराची विकायची, मागच्या दाराची द्यायची. दोन्हींची गल्लत करायची नाही."

मागच्या उन्हाळ्यात सरकारने नवा डाव टाकला. धाडी टाकून थकले असावेत. म्हणाले, जो दुकानदार आमच्याशी करार करेल त्याला आमची कराची पट्टी लावलेली पाकिटं मिळतील. कार्ड दाखवणाऱ्याला कर माफ, बाकी सगळ्यांकडून पूर्ण कर घ्यायचा आणि आम्हाला पाठवायचा. करार करणाऱ्याला मालाचा तोटा नाही, धाड नाही. करार न करणाऱ्याला माल देणाऱ्या ट्रकलाच आम्ही रस्त्यात अडवू.

लांबघरात सभा भरली. आमच्या सभेत हात वर करून मोजत नाहीत. सगळ्यांचं मन एक होईपर्यंत बोलायचं. दिवसभर बोलणं झालं आणि शेवटी ठरलं की कोणीच करार करायचा नाही. सगळे एक राहिले तर सरकार कोणाकोणाला अडवणार? पण एक जरी फुटला तरी बाकीचे मेलेच, कारण सगळं गिऱ्हाईक त्याच्याकडे जाणार. कवेनियो सभेत होती. ती काही बोलली नाही. आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे होकार.

सेसिरचं खुब्याचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं, शहरातल्या इस्पितळात. जाण्याआधी तिने प्रत्येक दुकानदारासाठी एक पुरचुंडी बांधली. काठी टेकत घरोघर गेली, गाडी मी चालवली. बहुतेकांनी दोन्ही हातांनी घेतली. लुई तेवढा डोकं खाजवत म्हणाला, "सेसिर, माझ्यावर घराचं कर्ज आहे गं. पण घेतो. न जमलं तर आणून देईन." "तेवढं पुरे," ही म्हणाली.

शेवटची पुरचुंडी तिने घरी, स्वयंपाकघरात कवेनियोसमोर धरली. मी सूप भुरकत तिथेच बसलो होतो.

"आई, मला कशाला? मी काय परकी आहे?"

"परकी नाहीस म्हणूनच. दुकान तुझ्या नावावर आहे. सही मागायला ते तुझ्याकडेच येतील. पट्टीचं पाकीट या दारातून आत येऊ द्यायचं नाही, एवढंच मागते."

कवेनियोने पुरचुंडीकडे पाहिलं, मग सेसिरच्या काठीकडे. मग हात पुढे केला आणि म्हणाली, "बरं, आई."

ऑपरेशन झालं, पण जखम चिघळली. सेसिरला पानगळीत नेलं होतं, ती बर्फ वितळायला लागलं तरी तिकडेच. मी मधूनमधून जायचो. कवेनियो सुरुवातीला जायची, नंतर फोन करायची, नंतर फोनवर घाईत असायची. आणि एक दिवस बाकावर बसलेलो असताना दुकानासमोर सरकारी पट्टीच्या मालाचा ट्रक उभा राहिला. मी उठून खोकं बघितलं, पाकीट बघितलं, आणि तसाच गाडी काढून शहरात गेलो. असली बातमी मी पोटात ठेवणाऱ्यातला नाही.

सेसिरने ऐकून घेतलं आणि माझ्यावरच डाफरली. "तुझे डोळे गेलेत. दुसऱ्या कोणाचा ट्रक असेल."

"मी पट्टी बघितली, सेसिर. हात लावून बघितली."

"अतोन्वा, तिने माझ्या हातून तंबाखू घेतलीय. तू होतास तिथे. घेतली की नाही?"

"घेतली."

"मग झालं तर. गप बस आणि ती खिडकी लाव."

मी तिला लिहून दाखवलं असतं, फोटो काढून नेला असता, तरी तिने मानलं नसतं. सरकारचं कुठलंच कागदपत्र तिने आयुष्यात खरं मानलं नव्हतं, पण हातातून हातात गेलेली तंबाखू खोटी असू शकते हे तिच्या डोक्यातच शिरत नव्हतं. अशी चूक आमच्याच माणसांकडून व्हायची. बाहेरचा कोणी असता तर त्याने पहिल्याच दिवशी कवेनियोकडून कागदावर लिहून घेतलं असतं.

मी तिला आणायला गेलो त्या दिवशी ऊन होतं, रस्त्याच्या कडेला बर्फाचा चिखल. घरी जाऊ म्हटलं तर म्हणाली, "आधी दुकान." दुकान ओळखू येत नव्हतं. काचेचं दार, आत झगझगीत दिवे. माझा बाक उचलून कचऱ्याच्या डब्यांजवळ टाकलेला, त्या जागी गाड्या लावायच्या पांढऱ्या रेघा. सेसिरने बाकाकडे पाहिलं. काठी टेकत आत गेली आणि रांगेत उभी राहिली. स्वतःच्या दुकानात, रांगेत.

काउंटरमागे दुसऱ्या मुलखातून आणलेली एक बाई होती. ती हिला ओळखत नव्हती. आमच्या मागे गास्तों उभा होता, नदीपलीकडचा म्हातारा. शाळेची बस चालवायचा, वर्षानुवर्षं दर गुरुवारी यायचा आणि एका पाकिटासाठी तासभर गप्पा ठोकायचा.

सेसिरने एक पाकीट मागितलं. तिने आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही.

"कार्ड?" बाई म्हणाली.

"नाही."

"घरी राहिलं का?"

"नाही. कधी नव्हतंच."

बाईने खांदे उडवले आणि बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला. दुप्पट. कर धरून, पलीकडच्या माणसाला लागतो तेवढा. पाकिटावर पट्टी होती. सेसिर त्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली.

गास्तोंला वाटलं आपण नेहमीसारखी थट्टा करतोय. म्हणाला, "घ्या! इतकी वर्षं आम्हाला पलीकडचे म्हणून चिडवलंस ना, सेसिर? आज तूही आमच्यात." आणि मग तिचा चेहरा बघून त्याने टोपी काढली. तो काही वाईट माणूस नाही. नंतर कितीतरी दिवस तो माझ्याकडे माफी मागत होता.

आवाज ऐकून कवेनियो आतून आली. नवा कोट, केस मोकळे. "आई! अगं, सांगायचं नाही का येतेस ते? थांब, ते पैसे नको देऊस, मी माझं कार्ड लावते."

"नको," सेसिर म्हणाली. तिने पर्समधून नोटा काढल्या आणि पूर्ण रक्कम काउंटरवर ठेवली. मग विचारलं, "सही कधी केलीस?"

"आपण घरी बोलू या का?"

"इथे केलीस की घरी?"

कवेनियोने इकडेतिकडे पाहिलं. "बोलणं आधीच झालं होतं. उन्हाळ्यात. सभेच्याही आधी. आई, तू समजून घे. ते ट्रक अडवणारच होते. कोणीतरी फुटणारच होतं. लुईसारखे कर्जात बुडालेले किती दिवस टिकले असते? मी नाही तर दुसऱ्या कोणी केलं असतं आणि आपण रस्त्यावर आलो असतो. दगडापेक्षा वीट मऊ. निधीला मी आजही देते, पूर्वीपेक्षा थोडं कमी, पण देते. तुझ्या इस्पितळाचं काय काय मी..."

"तंबाखू घेतली होतीस माझ्याकडून."

"हो."

"सभेनंतर. म्हणजे त्यांना हो म्हणून झाल्यावर."

कवेनियोचा आवाज खाली आला. "तुझं ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणाले होते, मनावर ताण नको. तुला बरं वाटावं म्हणून घेतली."

मी लोखंडाच्या तुळईवरून माणसं पडताना पाहिली आहेत. सेसिरचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. मोडलेला शब्द तिने समजून घेतला असता. पण हिने शब्द म्हणून काही घेतलंच नव्हतं. म्हातारीचं मन राखायला पोरंबाळं कडू औषध गिळल्यासारखं करतात, तशी घेतली होती.

"ती परत दे," सेसिर म्हणाली.

कवेनियो आत गेली. आम्हाला खण उघडझाक केल्याचे आवाज येत होते. बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने आली. "सामान हलवताना कुठेतरी... मी शोधते, आई. सापडेल."

आम्ही बाहेर आलो. सेसिरने ते पाकीट गास्तोंच्या हातात ठेवलं. तो पैसे काढायला लागला तर म्हणाली, "राहू दे. विकत नाही, देतेय." गाडीत बसेपर्यंत ती ताठ होती. मी दार लावलं आणि ती रडायला लागली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, नवरा गेला तेव्हा नाही, वारियानेन गेली तेव्हाही लोकांसमोर नाही. "सरकारने लुबाडलं असतं तर मी हसले असते," ती म्हणाली. "त्यांचं कामच ते. पण ही, अतोन्वा? हिला मी भरवलंय रे." कुंपणानेच शेत खाल्लं, एवढंच मला सुचलं, आणि तेही मी तोंडातल्या तोंडात म्हणालो.

व्हायचं ते झालं. पट्टीवाल्या दुकानाला माल भरपूर, बाकीच्यांचे ट्रक अडवलेले. लुई एक दिवस बायकोला घेऊन सेसिरच्या दारात आला. टोपी हातात, आणि तळहातावर तिची पुरचुंडी, गाठसुद्धा तीच. "आता टिकाव लागत नाही. उद्या मी पण सही करणार. त्याआधी हे परत करायला आलो." सेसिरने पुरचुंडी घेतली, त्याला बसवलं आणि पोटभर जेवू घातलं. लुईची बायको जाताना दारात बोललीच, "राग मानू नकोस, सेसिर, पण तुझ्या लेकीचं म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा." सेसिर म्हणाली, "नाव मीच ठेवलं होतं. मला सांगू नकोस."

दुकान तिच्या नावावर नव्हतंच, त्यामुळे भांडायला जागाही नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मागचं अंगणही त्या जागेतच गेलं. तिथे गाड्या लावायला डांबर ओतलं. सेसिरने आदल्या दिवशी जाऊन तंबाखूची रोपं मुळासकट उपटून घरी आणली आणि घरामागे लावली. मी माझा बाक कचऱ्याजवळून उचलला आणि त्या रोपांशेजारी आणून टाकला. आता मी तिथे बसतो. गाड्या दिसत नाहीत, नदी दिसते.

ऑगस्टमध्ये, तंबाखूला पिवळी फुलं आली असताना, कवेनियो आली. मी बाकावर होतो. सेसिर शेजारी बसून घेवडा सोलत होती. मी उठायला लागलो तर तिने माझा हात धरून खाली बसवलं.

"बस," सेसिर तिला म्हणाली.

कवेनियो समोरच्या ओंडक्यावर बसली. बारीक झाली होती. "आई, पुढच्या आठवड्यात दुकानाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे. शहरातून पाहुणे येणार आहेत. सुरुवातीला आभाराचे शब्द तू म्हणावेस, असं मला फार वाटतं. दुसऱ्या कोणी म्हटले तर... नको मला दुसरं कोणी. आणि आगीत घालायला थोडी तंबाखू हवी, आपली. आता ती फक्त तुझ्याकडेच आहे."

असं मागायला रिकाम्या हाताने यायचं नसतं, हे तिला माहीत होतं. शिकवलेलं होतं ना. तिने पिशवीतून एक पुडी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. दुकानातली, चकचकीत कागदातली तंबाखू. वर सरकारी पट्टी.

माझं डोकं फिरलं. तोंड उघडणार तोच सेसिरने माझा गुडघा दाबला, तोच दुखरा. तिने हात एप्रनला पुसले, पण पुढे केले नाहीत. पुडीकडे जरा वाकून बघितलं.

"यावर कर भरलायस?"

"नाही गं. आपल्याला माफच असतो ना. माझ्या कार्डावर घेतली."

"तुला माफ आहे," सेसिर म्हणाली. "मला नाही. मी तुझ्या दुकानात दुप्पट भरून आले, आठवतं? मी पलीकडची. पलीकडच्या बाईला बिनकराची तंबाखू दिलीस तर दुकानाला कुलूप लावतील तुझ्या. आत ठेव ती."

"आई, असं नको ना बोलू. माझं चुकलं."

"चुकलं असतं तर लुईसारखी परत करायला आली असतीस. तू मला बरं वाटावं म्हणून घेतलीस. मी तुझ्याकडून ही कशासाठी घेऊ? तुला बरं वाटावं म्हणून?"

कवेनियोचे हात पुढेच होते. मग ते हळूहळू खाली आले. पुडी बाकावर, माझ्या आणि सेसिरच्या मधे, टेकली. पोर रडत होती, लहानपणी रडायची तशीच, आवाज न करता. मला राग येत होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.

सेसिर काठी घेऊन उठली. आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात मक्याच्या सूपचा वाडगा होता, काठोकाठ, सांडू नये म्हणून ती एकेक पाऊल जपून टाकत होती. वाडगा तिने कवेनियोच्या हातात दिला.

"नको आई, मी जाते."

"जेव," सेसिर म्हणाली. "जेवणावर कर नाही."

ती जेवली. निघताना ती पुडी तिला स्वतःच उचलून न्यावी लागली.